कुठल्या ग्रहावरचा माणूस?

कविता लिहिणाऱ्या माणसाला फुटबॉलवर बोलायला बोलावलं, याचं काहींना नवल वाटेल. पण मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल हा तालमींचा खेळ आहे. पाटाकडील, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ ही नावं नुसती उच्चारली, तरी चहाच्या टपरीवर दोन गट पडतात. विश्वचषक आला की पेठापेठांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. पेले, मॅराडोना, मेस्सी, नेमार यांची चित्रं चौकाचौकांत दिसतात. या इतक्या चित्रांत एका माणसाचं चित्र मात्र माझ्या कधी पाहण्यात आलं नाही. ब्राझीलच्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं, तर त्यातले कितीतरी जण पेलेच्याही आधी त्याचं नाव घेतात. त्याचं नाव गारिंचा.

खरं नाव मॅन्युएल. जन्म 28 ऑक्टोबर 1933. रिओ दि जानेरोपासून दूर, डोंगराच्या पायथ्याला पाऊ ग्रांदे नावाचं गाव आहे, तिथला. गाव म्हणजे काय, तर एक कापडगिरणी आणि तिच्याभोवतीच्या कामगारांच्या चाळी. घरं गिरणीची, मैदान गिरणीचं, फुटबॉलचा संघही गिरणीचाच. मुंबईच्या गिरणगावात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना हे चित्र लगेच डोळ्यांपुढे येईल. बाप गिरणीत पहारेकरी. उसापासून काढलेली 'काशासा' नावाची दारू तिकडे पाण्यासारखी पितात. बापही प्यायचा. मुलगा अंगानं लहानखुरा, म्हणून बहिणीनं त्याला 'गारिंचा' म्हणायला सुरुवात केली. गारिंचा हा तिकडचा एक छोटा, तपकिरी पक्षी. तेच नाव जगभर झालं.

या मुलाचे दोन्ही पाय जन्मतःच वाकडे होते. उजवा गुडघा आत वळलेला, डावा बाहेर. म्हणजे दोन्ही पाय एकाच दिशेला झुकलेले, वाऱ्यानं एका बाजूला कललेल्या दोन झाडांसारखे. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड. असा मुलगा फुटबॉल खेळेल, हे कोणाच्या मनातही आलं नसतं. तो मात्र रानात पाखरं धरायचा, नदीत डुंबायचा आणि उरलेला वेळ चेंडूमागे असायचा. चौदाव्या वर्षी गिरणीत लागला. कामात इतका ढिला, की त्याला काढूनही टाकलं. पण गिरणीच्या संघाला तो हवा होता, म्हणून परत घेतलं.

1953 साली कोणीतरी त्याला रिओतल्या बोताफोगो क्लबात घेऊन गेलं. तिथं चाचणीसाठी त्याला लेफ्ट बॅक निल्टन सांतोससमोर उभं केलं. सांतोस हा ब्राझीलच्या राष्ट्रीय संघातला खेळाडू, भल्याभल्यांना न बधणारा. या वाकड्या पायांच्या पोरानं त्याला हुलकावणी देऊन चेंडू पार केला. सांतोसनं नंतर क्लबच्या लोकांना सांगितलं, या मुलाला घेऊन टाका. पुन्हा याच्याविरुद्ध खेळायची पाळी आपल्यावर येऊ नये, हा त्यातला हेतू. पुढं हे दोघं जिवाभावाचे मित्र झाले.

गारिंचाचा खेळ म्हणजे काय, हे रेडिओवर सांगणं अवघड आहे, पण प्रयत्न करतो. तो राइट आउट. चेंडू पायापाशी घेऊन तो उभा राहायचा, अगदी स्थिर. समोरचा बॅकही थांबायचा. मग गारिंचा अंग डावीकडे झुकवायचा. बॅक तिकडे कलायचा, आणि हा उजवीकडून निघून जायचा. एवढंच! दर वेळी तो उजवीकडूनच जाणार, हे सगळ्या स्टेडियमला माहीत असायचं. त्या बॅकलाही माहीत असायचं. तरी तो दर वेळी फसायचा. पुष्कळदा गारिंचा अंग झुकवून पळायचा आणि चेंडू मागंच ठेवायचा. बॅक नुसत्या माणसामागं धावायचा आणि लोक पोट धरून हसायचे. मी गारिंचाला प्रत्यक्ष कधी पाहिलं नाही, तो खेळत होता तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. पुढं जुन्या काळ्या-पांढऱ्या फिती पाहिल्या. फितीचा आवाज बंद केला, तरी तो माणूस हसवतो.

1958 चा विश्वचषक स्वीडनमध्ये होता. जाण्याआधी ब्राझीलच्या संघाची मानसशास्त्रज्ञाकडून तपासणी झाली. पेले पोरकट आहे आणि गारिंचाला जबाबदारीची जाणीव नाही, असा निष्कर्ष निघाला. त्यात भर म्हणजे इटलीत फिओरेंतिना क्लबाविरुद्धच्या सराव सामन्यात गारिंचानं बचावपटूंना आणि गोलकीपरला चकवलं, मोकळा गोल समोर असताना तो थांबला, परत येणाऱ्या बचावपटूला आणखी एकदा चकवलं, आणि मग चेंडू आत ढकलला. प्रशिक्षकांच्या मते हा पोरखेळ होता. पहिल्या दोन सामन्यांत त्याला बाहेर बसवलं.

तिसरा सामना सोव्हिएत रशियाशी होता. 15 जून 1958, गोटेनबर्ग. रशियाचा संघ अतिशय शिस्तीचा, शास्त्रशुद्ध खेळणारा, गोलमध्ये लेव्ह याशिन. त्या दिवशी सतरा वर्षांचा पेले आणि चोवीस वर्षांचा गारिंचा या दोघांनाही पहिल्यांदाच उतरवलं. सामना सुरू झाला आणि पहिल्याच मिनिटाला गारिंचानं बचाव फोडून फटका मारला, तो खांबाला लागला. पाठोपाठ पेलेचा फटकाही गोलच्या चौकटीलाच लागला. तिसऱ्या मिनिटाला वावानं गोल केला. फुटबॉलच्या इतिहासातली सर्वांत भारी तीन मिनिटं, असं त्यांचं वर्णन फ्रेंच पत्रकार गॅब्रिएल अनो यानं केलं. पुढं अंतिम सामन्यात स्वीडननं पहिला गोल केला. तेव्हा गारिंचा दोनदा उजव्या बगलेतून तीरासारखा गेला, दोनदा आत चेंडू दिला, दोन्ही वेळा वावानं गोल केला. ब्राझील 5-2 नं जिंकलं. देशाचा तो पहिला विश्वचषक.

या काळातल्या त्याच्या भोळेपणाच्या पुष्कळ गोष्टी सांगतात. स्वीडनमध्ये त्यानं हौसेनं एक रेडिओ घेतला. संघातल्या एकानं त्याला सांगितलं, अरे, हा तर फक्त स्वीडिश बोलतो, तुझ्या गावात कोणाला कळणार? आणि तो रेडिओ त्यानं स्वस्तात विकून टाकला. दुसरी गोष्ट अशी, की समोर कोणताही बॅक असो, गारिंचा त्याला 'जुआंव' म्हणायचा. म्हणजे आपल्याकडचा कोणीतरी गणपा किंवा बाळ्या. रुई कास्त्रो या लेखकानं 1995 साली गारिंचाचं मोठं चरित्र लिहिलं. अशा कितीतरी गोष्टी त्याच्या पत्रकार मित्रांनी रंगवलेल्या होत्या, असं त्यानं दाखवून दिलं. गोष्टी गोड आहेत, म्हणून आपण ऐकतो. पण त्यांनी एक काम केलं. गारिंचा म्हणजे एक मोठं झालेलं मूल, अशी त्याची प्रतिमा पक्की झाली. आणि मुलाला काय, खाऊ दिला की झालं! क्लबाच्या कोऱ्या करारावर तो सही करायचा, आकडा नंतर भरला जायचा, असं कास्त्रो लिहितो. संघातल्या इतर मोठ्या खेळाडूंपेक्षा त्याला कमी पैसे मिळत होते. परदेश दौऱ्यांवर मात्र त्याच्याच नावावर तिकिटं खपत होती.

1962 चा विश्वचषक चिलीमध्ये झाला. दुसऱ्याच सामन्यात पेले जखमी होऊन बाहेर पडला. ब्राझीलवर शोककळा पसरली. मग गारिंचानं काय केलं? एरवी तो बगलेतून चेंडू द्यायचा आणि गोल दुसरे करायचे. आता तो मैदानभर खेळू लागला. उपांत्यपूर्व सामन्यात इंग्लंडविरुद्ध दोन गोल, त्यातला एक हेडरनं. या ठेंगण्या माणसानं उंच इंग्लिश बचावपटूंमधून उडी मारून डोक्यानं गोल केला! उपांत्य सामन्यात यजमान चिलीविरुद्ध पुन्हा दोन गोल, त्यातला एक डाव्या पायानं. या सामन्यानंतर चिलीतल्या 'एल मर्क्युरिओ' या वृत्तपत्रानं मथळ्यात विचारलं, गारिंचा कुठल्या ग्रहावरून आला आहे?

हा प्रश्न लक्षात ठेवा, श्रोतेहो, आपल्याला तो पुन्हा भेटणार आहे.

त्याच सामन्यात, सतत पायांवर लाथा खाऊन वैतागलेल्या गारिंचानं एकाला उलट लाथ मारली आणि पंचांनी त्याला बाहेर काढलं. अंतिम सामन्याला तो मुकणार, हे दिसत होतं. मग चक्रं फिरली. ब्राझीलच्या पंतप्रधानांनी तार केली. चौकशीत ज्याची साक्ष महत्त्वाची, तो लाइन्समन देश सोडून गेला. गारिंचाला खेळायची परवानगी मिळाली. 17 जूनला अंगात ताप असताना तो अंतिम सामना खेळला. ब्राझीलनं चेकोस्लोव्हाकियाला 3-1 नं हरवून दुसऱ्यांदा विश्वचषक जिंकला. त्या वर्षी विनिसियस दि मोराइस या मोठ्या कवीनं गारिंचावर सुनीत लिहिलं, त्याला 'वाकड्या पायांचा देवदूत' म्हटलं. त्याच वर्षी त्याच्यावर एक माहितीपटही निघाला. त्याच्या नावातच गारिंचाला पदवी दिलेली होती, 'लोकांचा आनंद'.

या आनंदाचा गुडघा मात्र कधीच झिजला होता. वाकड्या पायांवर ज्या वेगानं तो वळायचा, त्याचा सगळा भार गुडघ्यांवर यायचा. वर बचावपटूंच्या लाथा. डॉक्टर शस्त्रक्रिया करा म्हणत. तो टाळायचा आणि क्लबालाही घाई नव्हती. मोठ्या सामन्याआधी गुडघ्यातलं पाणी काढायचं, सुई टोचायची आणि मैदानात उतरवायचं. 1964 साली अखेर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा उशीर झाला होता. 1966 साली बोताफोगोनं त्याला विकून टाकलं. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या विश्वचषकात बल्गेरियाविरुद्ध त्यानं आणि पेलेनं फ्री किकवर एकेक गोल केला. दोघं एकत्र खेळलेला तो शेवटचा सामना. हे दोघं मैदानात असताना ब्राझील एकदाही हरला नाही. तीन दिवसांनी हंगेरीविरुद्ध पेले नव्हता आणि ब्राझील 1-3 नं हरला. राष्ट्रीय संघाकडून गारिंचा 50 सामने खेळला, त्यांतला हा एकच पराभव आणि हाच शेवटचा सामना.

आता एल्झा सोआरेसबद्दल बोललं पाहिजे. तिच्याशिवाय ही कहाणी पुरी होत नाही.

एल्झा रिओच्या झोपडपट्टीतली. अगदी लहान वयात बापानं लग्न लावून दिलं, पोरवयातच आई झाली. पोटाला अन्न नाही म्हणून तिची मुलं गेली. 1953 च्या सुमाराला, एक मूल आजारी असताना, ती रेडिओवरच्या हौशी गायकांच्या कार्यक्रमात बक्षिसाच्या पैशांसाठी गेली. आईचा झगा घातलेला, ढगळ होतो म्हणून जागोजाग पिना लावलेल्या. कार्यक्रम चालवत होता आरी बारोसो, ब्राझीलचा नामवंत संगीतकार. प्रेक्षक तिच्याकडं बघून हसायला लागले. बारोसोनं तिला विचारलं, बाई, तू कुठल्या ग्रहावरून आलीस? एल्झा म्हणाली, "तुम्ही आलात त्याच ग्रहावरून, साहेब. भुकेच्या ग्रहावरून." हसणारे गप्प झाले. मग ती गायली. गाणं संपलं तेव्हा बारोसोनं तिला जवळ घेतलं.

दोघांना विचारलेला प्रश्न एकच. गारिंचाला कौतुकानं विचारला, एल्झाला टिंगलीनं. पण दोघांच्याही बाबतीत विचारणाऱ्याच्या मनात एकच गोष्ट होती, की हे आमच्यातलं नव्हे. आणि एल्झानं दिलेलं उत्तर दोघांनाही लागू होतं. गिरणीची चाळ आणि झोपडपट्टी यांत अंतर ते किती!

1962 च्या सुमाराला दोघं एकत्र आले. गारिंचाचं आधी लग्न झालेलं होतं, पहिल्या पत्नीपासून आठ मुली होत्या. तो घर सोडून एल्झाकडे गेला तेव्हा देश खवळला. राग कोणावर? एल्झावर. घर मोडणारी बाई म्हणून तिला शिव्या पडल्या, तिच्या घरावर दगड आले. ज्यानं आठ मुलींना मागं ठेवलं तो देवदूतच राहिला. त्या मुलींच्या वाट्याला काय आलं, याचा विचार फारसा कोणी केला नाही. मला गारिंचाचा खेळ आवडतो, पण त्याच्या वतीनं ही बाब झाकून ठेवायची माझी इच्छा नाही.

दारू होतीच. 1969 साली गारिंचा गाडी चालवत असताना अपघात झाला आणि गाडीतली एल्झाची आई दगावली. तो त्या धक्क्यातून कधी सावरलाच नाही. देशात तेव्हा लष्करी राजवट होती. 1970 साली त्यांच्या घरावर गोळीबार झाला, आणि दोघं इटलीला निघून गेले. तिथं एल्झा गात होती आणि दोन विश्वचषक जिंकलेला माणूस ब्राझीलच्या कॉफीच्या जाहिरातीसाठी प्रदर्शनांत उभा राहत होता. परत आल्यावर डिसेंबर 1973 मध्ये माराकाना स्टेडियमवर त्याच्यासाठी निरोपाचा सामना झाला. सव्वा लाखाहून जास्त लोक आले. त्या पैशांतून मुलींसाठी थोडीफार सोय झाली. पण दारू सुटली नाही. याला पाजू नका, असं एल्झा गुत्त्यागुत्त्यांवर जाऊन सांगायची. लोक पाजायचेच. गारिंचाला आपण पाजली, हे सांगण्यात त्यांना भूषण वाटायचं. तो तिच्यावर हातही उगारू लागला. 1977 साली ती त्याला सोडून निघाली, तेव्हा त्यांचा मुलगा लहान होता.

आमच्या पेठेत एक राइट आउट होता. नाव सांगत नाही, त्याची मुलं-नातवंडं आहेत. मी शाळेत असताना त्याला खांद्यावर घेऊन मिरवणूक निघालेली मला आठवते. गुलाल, हलगी, सगळं. पुढं गुडघा गेला. नोकरी लावतो म्हणणारे पुष्कळ होते, लावली कोणी नाही. मग तो संध्याकाळी एका ठरावीक कोपऱ्यावर उभा राहायचा. त्याला एक कप चहा किंवा जेवण द्यायला कोणी थांबत नसे, पण दारू पाजायला मात्र रोज कोणी ना कोणी मिळे. कारण दोन घोट पोटात गेले की तो तो गोल पुन्हा सांगायचा, खुर्च्यांमधून हुलकावण्या देऊन दाखवायचा. बघणारे टाळ्या पिटायचे आणि घरी जायचे. कवींच्या बैठकांमध्येही मी हे पाहिलं आहे. एखादा कलंदर कवी असतो, त्याच्या शेरांना दाद मिळते, त्याच्या पिण्याच्या गोष्टी कौतुकानं सांगितल्या जातात. त्याचं घरभाडं कोण भरतं, त्याची बायको कशावर घर चालवते, हे त्या गोष्टींत नसतं. कलंदरपणाची किंमत बहुतेक वेळा घरातली बाई मोजते.

1980 सालच्या कार्निव्हलमध्ये मांगेरा या प्रसिद्ध सांबा-मंडळानं गारिंचाला आपल्या रथावर बसवलं. तो नुकताच आजारातून उठला होता. खाली लाखो लोक नाचत होते, आणि वर हा माणूस शून्य नजरेनं बसून होता. हात हलवणंही त्याला जड जात होतं. ज्यांनी ते पाहिलं, त्यांना ते विसरता आलं नाही. त्यानंतर दवाखाने, पुन्हा दारू, पुन्हा दवाखाने. 20 जानेवारी 1983 रोजी रिओच्या एका इस्पितळात यकृत निकामी होऊन तो गेला. वय 49.

मग काय झालं? त्याचा देह माराकानावर ठेवला गेला. हजारो लोक आले. अग्निशमन दलाच्या गाडीवरून त्याला पाऊ ग्रांदेकडे नेलं, वाटेत पुलांवर, रस्त्यांच्या कडेला माणसांची रीघ. जवळच्या गावातल्या साध्या दफनभूमीत त्याला पुरलं. पुढं राजधानी ब्रासिलियातल्या मोठ्या स्टेडियमला त्याचं नाव मिळालं. 2014 च्या विश्वचषकासाठी उभारलेल्या मैदानांत सर्वांत जास्त खर्च याच मैदानावर झाला. आणि 2017 साली बातमी आली, की गारिंचाच्या अस्थी दफनभूमीत नेमक्या कुठं आहेत, हे कोणालाच खात्रीनं सांगता येत नाही.

एल्झा मात्र राहिली. 1986 मध्ये गारिंचापासून झालेला मुलगा अपघातात गेला, तेही तिनं सोसलं. मध्ये बरीच वर्षं तिला काम नव्हतं. मग ऐंशी ओलांडल्यावर ती पुन्हा उभी राहिली. बायकोवर हात उगारणाऱ्या नवऱ्याला दम देणारं गाणं गाऊ लागली, आणि तरुण मुली ते तिच्याबरोबर गाऊ लागल्या. 2016 च्या रिओ ऑलिंपिकच्या उद्घाटनात ती गायली. 2019 साली तिनं आपल्या संग्रहाला नाव दिलं, 'भुकेचा ग्रह'. त्या जुन्या रेडिओ कार्यक्रमातलं उत्तर ती विसरली नव्हती. 20 जानेवारी 2022 रोजी, गारिंचाच्या मृत्यूनंतर बरोबर 39 वर्षांनी, त्याच तारखेला, एल्झा सोआरेस आपल्या घरी शांतपणे गेली. वय 91.

श्रोतेहो, मोठ्या खेळाडूंच्या कहाण्या आपण दोन प्रकारे सांगतो. एक तर सगळं यश सांगतो, नाहीतर दारू वाईट, असा बोध देऊन मोकळे होतो. गारिंचा या दोन्हींत मावत नाही. त्यानं लोकांना जेवढं हसवलं, तेवढं क्वचित कोणी हसवलं असेल. आणि त्या हसणाऱ्या लोकांपैकी त्याच्या गुडघ्याची चौकशी करणारे थोडे होते, त्याच्या घरातल्या बायामुलींची करणारे त्याहून थोडे. पुढचा विश्वचषक येईल, पेठेत पुन्हा झेंडे लागतील. मंडळाच्या पोरांना मी सांगणार आहे, पिवळ्या झेंड्यांत एक चित्र गारिंचाचं काढा. जागा उरली तर शेजारी त्या गाणाऱ्या बाईचंही काढा. आणि आपल्या तालमीच्या ज्या खेळाडूचा गुडघा यंदा दुखतोय, त्याला स्पर्धेआधी चांगल्या डॉक्टरकडे घेऊन जा.